हाताआधी पाय

पायाच्या प्रेसची, बोटं आत जाऊ नयेत म्हणून बसवलेली जाळी, मालकहो, तुम्ही काढलीत. झाकण उचलताना ती मध्ये येते, दर झाकणामागे दीड सेकंद खाते, म्हणून काढलीत. जिन्याखाली ठेवलीत आणि वर रिकामे खोके रचलेत, तपासणीवाल्याच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून. साऱ्या शेडला हे ठाऊक आहे. तेव्हा ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य खिशात ठेवा आणि ऐका.

पत्र्याच्या डब्यांची झाकणं करणाऱ्या त्या शेडमध्ये दोन सख्ख्या जावा शेजारी शेजारी काम करत. थोरली सत्तावन्नची, धाकटी चौतीसची. दोघींची मशीनं एकाच जातीची. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, मग उजव्या-डाव्या बाजूची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दणका बसला की झाकण काढून टोपलीत. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ते मशीन खाली यायचंच नाही. फार जपून वागतं म्हणून बायका त्याला ‘सासूबाई’ म्हणायच्या.

पायाचा प्रेस वेगळा. तिथे बटण नाही. हातांनी पत्रा सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाखालचा पेडल दाबायचा. सासूबाईच्या दुप्पट वेग. हात आधी, पाय मागून, एवढंच लक्षात ठेवायचं. दिवसातून चार हजार वेळा.

थोरलीला निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि तिच्या अंगाने तिच्याशी दगाबाजी सुरू केली होती. सकाळी सगळं काम मनगट करायचं. अकराच्या सुमारास मनगट रुसायचं, मग कोपर पुढे व्हायचं. जेवणानंतर कोपरही अंग काढून घ्यायचं आणि खांद्यावर सगळा भार यायचा. तीन वाजता पाहावं तर सबंध कंबर पत्र्यामागे पुढे-मागे झुलतेय. पंचविशीत जे काम वीतभर जागेत व्हायचं, त्याला आता अख्खी बाई लागत होती. धाकटी हसून म्हणायची, ताई, दुपारी तुम्ही झाकणं करता की होडी वल्हवता?

मग मोजणी आली. सुपरवायझरने फळ्यावर कागद लावला. त्याला सगळे मागून ‘घड्याळ’ म्हणत, कारण वेळ सोडून त्याच्या तोंडून दुसरं काही निघत नसे. तीन दिवस प्रत्येकीने मनगटाला, दंडाला आणि कमरेला पट्टे बांधून काम करायचं. काचेच्या खोलीत बसलेला मोजणीवाला कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या हालचाली बघणार. कोणी कुठे बसायचं ते आकडे ठरवतील, आणि ज्यांचे आकडे बसणार नाहीत त्यांच्याबद्दल विचार करू, असं कागदात होतं. त्या ‘विचार करू’चा अर्थ थोरलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पट्टे नंबर घातलेल्या डब्यांत असायचे आणि बायका कपडे बदलायच्या खोलीत आपले आपण बांधायच्या. युक्ती धाकटीच्या डोक्यातून निघाली. तुमचे मी बांधते, माझे तुम्ही, त्या पट्ट्याला तोंड कुठे दिसतंय, असं ती म्हणाली. थोरलीने विचारलं, तुझे आकडे म्हातारे निघाले तर? धाकटीने खांदे उडवले. म्हणेन अंगात ताप होता. मला कोण काढतंय?

तीन दिवस थोरलीच्या नावाने धाकटीचं अंग राबलं.

चौथ्या दिवशी यादी लागली. धाकटीच्या नावापुढे ‘पुन्हा मोजणी’. थोरलीच्या नावापुढे हिरवी खूण आणि दोन शब्द: पायाचा प्रेस.

“मावशी, तुमचं अंग तर तिशीतलं निघालं,” घड्याळ सगळ्यांसमोर म्हणालं. बायका हसल्या. थोरलीही हसली. तिचं हसू खोकल्यासारखं बाहेर आलं. धाकटी मात्र हसली नाही.

खरं बोलावं तर फसवणूक, दोघींची नोकरी जाणार. न बोलावं तर उद्यापासून तो प्रेस. पायाच्या प्रेसवर आधी बसणारी बाई आता गोदामात खोके मोजायची. ती हातमोजा कधी काढत नसे, कारण त्याच्या दोन बोटांत कापूस भरलेला होता. जेवणाच्या सुट्टीत ती थोरलीजवळ येऊन बसली. धीर वगैरे देण्याच्या भानगडीत न पडता तिने सांगितलं, की दुपारनंतर ओठांतल्या ओठांत म्हणत राहायचं, हात बाहेर, पाय. हात बाहेर, पाय. आणि म्हणायचं विसरलीस असं वाटलं की मशीन सोडून पळायचं, मग कोणी काही म्हणो.

पहिले तीन दिवस थोरलीने जीव मुठीत धरून काढले. ते म्हणणं तिच्या तोंडात इतकं बसलं की घरी भाजी चिरतानाही चालू राहिलं. डावा हात भाजी पुढे सरकवायचा आणि उजवा पाय फरशी दाबायचा. नवऱ्याने विचारलं, कुठल्या गाण्यावर ताल धरलायस? त्याच क्षणी तिने पाहिलं की पाय दाबला गेला तेव्हा बोटं अजून सुरीखालीच होती. सुरी तिच्याच हातात होती, म्हणून वर राहिली. तिने ती बाजूला ठेवली आणि बाकीची भाजी हाताने मोडली.

प्रेसवरच्या चौथ्या दिवशी मनगट नेहमीसारखं अकरालाच गेलं. जेवणानंतर सव्वादोनला कोपर. तिला ते कळत होतं. कोणीतरी घरातले दिवे एकेक करून मालवत यावं तसं कळत होतं. खांदा भरून आला तशी कंबर पुढे झुकायला लागली. ओठ चालू होते, हात बाहेर, पाय. पत्रा सरकवायला ती वाकली, अंगाचा भार उजव्या बाजूला आला, आणि ती ‘हात’ म्हणत असतानाच पेडल खाली गेला.

तिने पाय दाबला नव्हता. तिच्या कमरेने तो दाबला होता.

दणका झाला. थोरलीने डोळे मिटले ते उघडेनात. हात मागे ओढला गेला होता, पण सगळा आला की नाही ते बघायची हिंमत होईना. रक्त गरम लागतं, हातमोज्यात गरम लागतंय का, हे ती चाचपत राहिली. शेवटी एक डोळा उघडला. हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. आतून नख दिसत होतं, पांढरंफटक, पण होतं. मोज्याचं टोक झाकणात चपटं होऊन बसलं होतं.

तिने मुख्य स्विच बंद केला. चिमट्याने ते झाकण उचललं आणि काचेच्या खोलीकडे निघाली. वाटेत धाकटीने हाक मारली, ताई, काय झालं? तिने मान हलवून तिला जागेवरच बसायला सांगितलं. आपण तोंड उघडलं की हिचाही घास जाणार, हे दर पावलाला तिच्या मनात येत होतं.

घड्याळ मागोमाग धावत आलं आणि मशीन किती मिनिटं बंद आहे ते सांगू लागलं. थोरलीने झाकण टेबलावर ठेवलं. पट्टे मी बदलले, जावेला ठाऊक नव्हतं, असं तिने सांगितलं. अर्धं खोटं होतं, पण तेवढं तिचं तिने ठरवलं होतं. मग मोजणीवाल्याला म्हणाली, माझ्या नंबरची नोंद उघड.

तो पंचविशीतला, सभ्य माणूस होता. त्याने उघडली. पडद्यावर रेघा आल्या. ही मनगटाची, ही दंडाची, ही कमरेची, असं तिने विचारून घेतलं. दुपारी दोनला मनगटाची रेघ खाली बसली होती आणि कमरेची वर चढली होती. मग तिने जावेच्या नंबरच्या रेघा मागितल्या. तेच चित्र, फक्त साडेअकरापासून सुरू झालेलं.

“दोन वाजता वर चढलीय ना, ती चौतीस वर्षांची कंबर आहे,” थोरली म्हणाली. “तीही पुढे येते. हे तुला तेव्हा दिसलं होतं?”

मोजणीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ म्हणालं, फसवणुकीचं काय ते नंतर बघू, तुम्ही आधी बाहेर बसा, बोलावतो.

ती बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठता आलं नसतं. तिने टेबलाची कड धरली.

“दिसलं होतं,” मोजणीवाला खाली बघून म्हणाला. “पण मला फक्त तासाची झाकणं धरायला सांगितली होती. बाकीच्या रेघा सोडून दे म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

घड्याळाने पहिल्यांदाच वेळ सांगितली नाही.

“माझी नोकरी घ्या, मी नाही म्हणत नाही,” थोरली म्हणाली. “पण धाकटीची पुन्हा मोजणी व्हायची आहे, आणि तिला खरी हिरवी खूण मिळणार आहे. मग तिला त्याच प्रेसवर बसवाल. तेव्हा मला नाव सांगा. रेघा सोडून दे असं कोण म्हणालं?”