पुढचं चाक

सकाळपासून तिचं डोकं तापलेलंच होतं. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, आणि तीही नवऱ्याच्या मोटरसायकलीच्या घशात चालली होती. "अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला होता. "रिमा निवडायच्या, हब निवडायचे आणि घरी यायचं." लग्नाला बरीच वर्षं झाली की नवऱ्याचा अर्धा तास किती लांब असतो, हे बायकोला पक्कं ठाऊक झालेलं असतं.

ती शाळेची बस चालवायची. मागे पोरांचा कालवा चाललेला असताना ती एवढी मोठी गाडी अशी थांबवायची, की उभं राहिलेलं पोरही हलू नये. सगळा परिसर तिला बसमावशी म्हणून ओळखायचा. नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि हात असा की पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी. त्याचा जीव मात्र अडकलेला होता भंगारातून उचलून आणलेल्या एका जुनाट मोटरसायकलीत.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी त्या दोघांना घेऊन उतारावरच्या वळणावरून सरळ दगडी बांधावर गेली होती. त्याला खरचटलं. तिच्या डाव्या कोपराचे मात्र तुकडे झाले. आत सळ्या घातल्या, बरेच महिने बस चालवणं सुटलं, आणि तो हात पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही.

तेव्हापासून गाडी सुटी होऊन पडली होती. आता पेंटरने ती नव्याने उभी करायला घेतली होती. सांगाडा कापून बुटका केला, बैठक मागे सरकवली, टाकीला स्वतःच्या हाताने गर्द हिरवा रंग दिला. राहिली होती चाकं. चाकं बसली की गाडीला चेहरा येतो, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं एकच होतं: पुढचा ब्रेक मी सांगेन तोच. त्याने मान डोलावली होती, म्हणून तर ती आली होती.

चाकवाला हा पेंटरचा शाळेपासूनचा दोस्त. जुन्या गाड्यांची चाकं बांधण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या दुकानात छतापासून रिमा लटकत होत्या, एखाद्या राक्षसिणीने आंघोळीला जाताना बांगड्या काढून ठेवाव्यात तशा. तिला बसायला त्याने खोक्यावरचे स्पोक बाजूला सारून जागा केली.

"या वहिनी! आज मालकिणीची पसंती म्हणे."

"बघू या," ती म्हणाली.

रिमांचा निकाल लगेच लागला. पुढे मोठी, मागे जरा लहान आणि रुंद, दोन्ही लोखंडी. गाडं अडलं ते हबवर. चाकाच्या मधला तो गोळा, ज्यात स्पोक ओवायचे आणि ज्याच्या पोटात ब्रेक. चाकवाल्याने बाकावर दोन मांडले. एक दणकट, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेला, वारा आत घ्यायला जाळीचं तोंड असलेला. दुसरा त्याच गाडीचा जुना हब, बारका, एका बाजूला छोटासा ड्रम. पेंटरने तो घासूनपुसून आरशासारखा चकचकीत करून आणला होता.

तिने मोठ्यावर हात ठेवला. "हा."

पेंटरने जुना उचलून नव्या रिमेच्या मध्ये धरला. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "रूप बघ ना गं. कसा नाजूक दिसतोय. तो मोठा बसवला तर सुंदर बाईच्या कमरेला पातेलं बांधल्यासारखं दिसेल."

"अहो, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं, पण ठरवताना चाक समोर कुठे होतं? गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची आहे ही, तिथे लोक आधी पुढचं चाक बघतात."

"आणि बांध काय बघतो?"

"तुम्हा बसवाल्यांना ना, सगळीकडे ब्रेकच दिसतो."

हे वाक्य तिने आधीही ऐकलं होतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात, याच तोंडून. ब्रेक दाबला की दांडा थेट मुठीला टेकतोय, आधी दाखवून घ्या, असं ती म्हणाली होती, तेव्हा. तिने मोठा हब स्वतःकडे ओढला.

नवराबायकोत ठिणगी पडते आहे हे चाकवाल्याने ओळखलं आणि बिचारा आगीवर पाणी टाकायला गेला.

"जाऊ द्या वहिनी, ब्रेक कुठलाही बसू दे. फक्त या वेळी वळणावर उलट्या बाजूला झुकू नका म्हणजे झालं!" आणि तो पोट हलवत हसला.

पेंटर हसला नाही. तो एकदम छताकडे बघून रिमेची भोकं मोजायला लागला.

"काय म्हणालात भावजी?"

"काही नाही, गंमत..."

"गंमत कळली नाही. कोण झुकलं उलट्या बाजूला?"

चाकवाल्याने दोस्ताकडे पाहिलं. दोस्त अजून वरच बघत होता. "तुम्हीच ना? म्हणजे... तुम्ही घाबरून उलट्या बाजूला झुकलात, गाडीचा तोल गेला, असंच तर..." पुढचं त्याने गिळलं.

मग तिला एकेक आठवायला लागलं. रिक्षात बसताना सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "सूनबाई, नीट बस हो." नणंद हसत हसत म्हणायची, "वहिनी, आमच्या दादाला पुन्हा पाडू नकोस बाई." तिला वाटायचं, थट्टा आहे. आणि बसचा डेपो! हात बरा करून ती कामावर गेली, तेव्हा तिथल्या प्रमुखाने तिची परीक्षा पुन्हा घेतली होती. तो नवऱ्याचा मामेभाऊ. "तोल जातो का हो कधी? घाबरायला होतं का?" असं त्याने बस शिकायला आलेल्या नव्या पोरींसमोर विचारलं होतं. म्हणजे पाणी इथे मुरत होतं.

चारचौघांत ती नवऱ्याला कधी अरेतुरे करत नसे. घरातही सासूबाईंसमोर नाही.

"तू काय सांगितलंयस रे सगळ्यांना?"

"अगं, हळू बोल."

"हळू? माझी बदनामी तू गावभर केलीस आणि मी हळू बोलू?"

"बदनामी कसली? बोलता बोलता कधी..."

"भावजी," ती वळली, "तो जुना हब उघडा."

"कशाला आता?" पेंटर म्हणाला.

"उघडा म्हणते ना! याने वरून चमकवलाय. आत हात लावलेला नसणार. मला याची सवय माहीत आहे."

चाकवाल्याने निमूटपणे हब पकडीत अडकवला आणि झाकण काढलं. आतून काळा, तेलकट भुगा बाकावर सांडला. त्याने ब्रेकच्या लायनरवरून अंगठा फिरवला, ड्रमच्या आत बोट घालून गोल फिरवलं आणि एका जागी थबकला. त्याचं हसू कधीच मावळलं होतं.

"काचेसारखं गुळगुळीत झालंय हे. आणि बेअरिंगमधलं तेल गळून लायनरवर आलंय, आजचं नाही, जुनं आहे." त्याने दोस्ताकडे मान वळवली. "अरे, यावर सायकलसुद्धा थांबली नसती. वहिनी झुकल्या काय आणि डोक्यावर उभ्या राहिल्या काय, गाडी बांधावर जाणारच होती."

"ती झुकलीच नव्हती," पेंटर म्हणाला. आवाज इतका बारीक, की बाहेरच्या रस्त्याच्या गोंगाटाने तो गिळायला हवा होता. पण दोघांनीही ऐकला.

"मग?" चाकवाला ओरडला. "मग मला का सांगितलंस? मी ते दहा जणांना सांगितलं!"

"दवाखान्यात आई रडत होती. कसं झालं, कसं झालं, म्हणून सगळे मागे लागले. तोंडातून निघून गेलं. मग मागे कसं घेणार?"

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "माझ्या हाताला पट्टा बांधताना, मला भरवताना... तुझी जीभ झडली होती?"

तिने मोठ्या हबवर थाप मारली, "हा बांधा भावजी," असं म्हणाली आणि उठली. पेंटर मागून आला तेव्हा ती रस्त्याला लागलेली होती. घरापर्यंत तो चार पावलं मागे चालत राहिला.

नणंद त्या दिवशी माहेरी आलेली होती. रात्री जेवायला सगळे बसले. तिने ताटं मांडली, पाणी ठेवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"सांग," ती म्हणाली.

एकेरी ऐकून सासूबाईंचा घास हातातच राहिला.

पेंटरने घसा साफ केला. "आई, तो अपघात झाला ना... त्यात गाडीचा ब्रेकही थोडा कमी लागला होता."

"थोडा?"

"बराच."

"नीट सांग. पहिल्यापासून."

"ब्रेक लागलाच नाही," तो ताटाकडे बघत म्हणाला. "ती आधीच सांगत होती, मी दाखवून घेतला नाही. ती झुकलीबिकली नव्हती. ते मी... रचून सांगितलं."

नणंदेने तोंडावर हात नेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग तू तरी बोलायचंस ना तेव्हा."

दिवसभर तिने दाबून धरलेलं सगळं आता वर आलं. "काय बोलायचं होतं, आई? माझ्यावर खटला चाललाय हे मला माहीत तर हवं होतं! निकाल लागला, शिक्षा झाली, मी ती भोगतही होते, आणि आरोप काय ते आज एका दुकानात कळलं!"

"झालं गेलं..." सासूबाई सवयीने म्हणायला गेल्या.

"नाही गेलं. काही गेलेलं नाही." ती नवऱ्याकडे वळली. "उद्या डेपोत जायचंस. मामेभावासमोर, तिथल्या सगळ्या पोरींसमोर हेच सांगायचं. थोडा ब्रेक, बराच ब्रेक नाही. जसं आत्ता शेवटी सांगितलंस तसं."

तो गेला. काय बोलला ते तिने विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी किल्ली देताना मामेभावाने नजर चुकवली. "तो आपला नियमच होता," असं काहीतरी तो पुटपुटला. "कुठला नियम? दाखवा बरं," असं ती म्हणाली, आणि तो दाखवू शकला नाही. तिथल्या पोरी ऐकत होत्या. तिला त्याचं फार बरं वाटलं.

सासूबाई काही दिवस तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. एका सकाळी ती कामावर निघाली, तेव्हा त्या दारात आल्या.

"मी तुला किती वेळा नीट बस म्हटलं गं," त्या म्हणाल्या.

"पुष्कळ वेळा, आई," ती म्हणाली. असू दे, असं तिला म्हणता आलं असतं. सासूबाई तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. पण तिच्या तोंडून ते निघेना. चपला घालून ती निघाली.

राग असा उतरला नाहीच. बस चालवताना मध्येच, लाल दिव्यावर थांबलेली असताना तो उसळून यायचा आणि ती स्टिअरिंग घट्ट धरून बसायची. घरी ती नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. तोही समजूत घालायला येत नसे. एकदा आला होता, तेव्हा त्याला चांगलंच ऐकावं लागलं होतं.

चाकं बांधून आली. पेंटरने ती स्वतः बसवली. रुंद हबवर स्पोकांची जाळी ताठ उभी होती. पातेल्यासारखं वगैरे काही दिसत नव्हतं, उलट गाडीने छाती पुढे काढल्यासारखं वाटत होतं. पण ते तिने त्याला सांगितलं नाही. भरधाव येऊन कचकन थांबायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं, असं तो गल्लीत कितीतरी वेळ करत होता. प्रदर्शनाचं नाव त्याने काढलं नव्हतं.

शेवटी त्याने गाडी दारासमोर उभी केली आणि मागच्या बैठकीवर फडकं मारलं.

"बसतेस?"

"नाही."

का, असं त्याने विचारलं नाही. चेहरा पाडला नाही, की ब्रेक किती छान लागतो हेही सांगत बसला नाही. मान हलवली आणि एकटाच गेला. गल्लीच्या तोंडाशी वेग उतरवून तो वळला, तोवर ती बघत उभी होती. मग ती आत आली. गणवेशाला इस्त्री करायची राहिली होती.