ड्रायव्हरच्या बाजूचं दार

आत्याचा जुना ट्रक पुन्हा उभा करायचं ठरलं, तेव्हा तिने एकच अट घातली. कंपनीतून गाडीबरोबर जे आलं ते ठेवायचं. गंजलं असेल तर तेवढं कापून जोड लावायचा, पण बदलायचं नाही.

"ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेवढं जाऊ दे," ती म्हणाली. "ते मुळात या गाडीचं नाहीच."

दाराचं हे प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. आजोबा तांब्या-पितळेची भांडी घडवायचे आणि ती बाजारात पोचवायला त्यांनी हा ट्रक घेतला. चालवायला शिकली आत्या, वय वर्षं एकोणीस. पहिल्याच आठवड्यात तिने दार सताड उघडं ठेवून, बाहेर वाकून मागे बघत गाडी रिव्हर्स घेतली. फाटकाच्या खांबात दार अडकलं आणि पार मुडपलं. आत्याने किल्ली आजोबांपुढे ठेवली आणि पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही म्हणाली.

आजोबांनी किल्ली उचलून खिशात टाकली. तीन आठवड्यांनी त्यांनी तिला अंगणात बोलावलं. ट्रकला दार बसलेलं होतं, नवंकोरं, ताज्या रंगाचं. "कंपनीकडून मागवलं," ते म्हणाले. "जुनं भंगारात गेलं. आता त्याचं नाव काढायचं नाही. चल, बस."

ती बसली ती बेचाळीस वर्षं चालवत राहिली. आजोबा होते तोवर दार लावताना त्यांना डिवचायची. "बघा बाबा, याला म्हणतात कंपनीचं काम. हातोडीने ठोकून असं होत नसतं." आजोबा मान डोलवायचे आणि म्हणायचे, "खरंय."

म्हणून मी हुबेहूब जुन्यासारखं बनवलेलं नवं दार मागवलं. एकदा ठरलं की काम उरकून मोकळं व्हावं असा माझा स्वभाव. गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या आमच्या डेंटरचा स्वभाव नेमका उलटा. साठी ओलांडलेला माणूस, हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. पत्र्यावरून हात फिरवताना तळव्याखाली सुती फडकं धरायचा. उघड्या हाताला पत्रा खोटं सांगतो, असं त्याचं म्हणणं.

नवं दार काही बसेना. वर बोटभर फट आणि खाली घासत होतं.

"दार सरळ आहे, ताई. तुमची गाडीच वाकडी आहे," डेंटर म्हणाला. "केबिनचा खांब थोडा कापायला लागेल."

"खांब कंपनीचा आहे. त्याला हात लावायचा नाही."

"मग दार कापू?"

"अहो, जुनं दार इतकी वर्षं बसत होतं ना? ते कसं बसत होतं, ते आधी बघा."

तो पुटपुटत उठला. माप घ्यायला म्हणून जुन्या दाराच्या कडेचा रंग खरवडायला लागला आणि थोड्या वेळाने एकदम गप्प झाला. मला तेच विचित्र वाटलं.

"ताई, जरा इकडे या."

रंगाखाली कडेवर तीन आकडे ठोकलेले होते. ३१८. त्याने मला केबिनच्या खांबापाशी नेलं आणि तिथला रंग खरवडला. तिथेही ३१८.

"तेव्हा कारखान्यात एकेक दार हाताने घासून त्या त्या केबिनला बसवायचे," तो म्हणाला. "मग दोघांवर एकच नंबर मारायचे. हे दार दुसरीकडून आलेलं नाही. हे या गाडीचंच आहे."

"शक्यच नाही. ते दार मुडपलं होतं. भंगारात गेलं."

"मग उतरवू या रंग."

सगळा रंग निघायला दुपार गेली. डेंटरने तळव्याखाली फडकं घेतलं आणि वरून खालपर्यंत हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. तळाला चार बोटं गंज होता. बाकी एवढ्या मोठ्या पत्र्यावर खड्डे बुजवायची पुट्टी चिमूटभरही नव्हती. होते ते हातोडीचे ठसे, नखाएवढे, मधल्या एका ठशाभोवती गोल गोल पसरत गेलेले, एकाला चिकटून दुसरा, शेवटच्या कडेपर्यंत. इतके हलके, की रंगाखाली कधी कोणाला दिसले नसते.

डेंटर टायरवर बसला. "हे गाड्यांवर काम करणाऱ्याचं नाही," तो म्हणाला. "आम्ही असं गोल ठोकत नाही. हा भांडी घडवणाऱ्याचा हात आहे."

आमच्या स्वयंपाकघरात आजोबांनी घडवलेली घागर आहे. तिच्या बुडावरचे ठसे मी लहानपणापासून बघत आले होते. तेच इथे होते. तीन आठवडे त्या माणसाने चुरगळलेला लोखंडी पत्रा एकेक ठोका देत सरळ केला होता. ठकठक सगळ्या घराला ऐकू गेली असणार. पण आमच्याकडे ठकठक रोजचीच, कोणी विचारलंही नसेल. मला त्या दाराकडे नुसतं बघत उभं राहावंसं वाटलं, आणि मी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला रिक्षाने गॅरेजवर आणलं. गुडघ्यांमुळे ती खुर्चीतच बसली, तेव्हा उतरवलेलं दार तिच्यापुढे आणून ठेवलं. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं फडकं हातात दिलं. तिचा हात दारावरून एकदा फिरला आणि मध्यावर थांबला. मग फडकं बाजूला ठेवून ती बोटाने एकेक वेढा मोजल्यासारखी बाहेर बाहेर जात राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

तिचं बोट दाराच्या कडेपाशी पोचलं.

"मी त्यांना तोंडावर सांगायचे गं, की हातोडीने असं होत नसतं." तिने तळवा पत्र्यावर ठेवला. "आणि ते म्हणायचे, खरंय."

"त्यांनी खरं सांगितलं असतं, तर तू पुन्हा चालवायला बसली असतीस?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"तळाची पट्टी मी कापून जोडतो, आत्याबाई," डेंटर म्हणाला. "त्याच्या वर माझी हातोडी लागणार नाही. माझा हात तेवढा नाही." हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. नवं दार त्याने स्वतःच खोक्यात भरून भिंतीला लावून ठेवलं.

जोड लावायला अजून वेळ होता, पण आत्याला दार आधी बसवून हवं होतं. डेंटरने ते तसंच उघड्या पत्र्याचं बिजागरीत अडकवलं. आम्ही दोघांनी आत्याला धरून वर चढवलं. तिने स्टेअरिंगवर एक हात ठेवला आणि मला दार लावू दिलं नाही. स्वतःच ओढलं. धप्प करून एकच आवाज झाला. कुठे फट नाही, कुठे घासणं नाही.

"बघा बाबा," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "याला म्हणतात काम."