आल्बोरादासाठी धरलेला अबोला

गावचा फुटबॉल संघ आल्बोरादा जिंकेपर्यंत दाढी करायची नाही, असा एवारिस्तोचा नेम होता. त्या वर्षी दाढी छातीला टेकायला आली. बायको ओफेलिया म्हणायची, "अरे, गिऱ्हाइकं घाबरतात तुला. फ्रिज दुरुस्त करायला आलेला वाटत नाहीस, फ्रिज चोरायला आलेला वाटतोस."

पाराना नदीच्या काठी, कागदाच्या गिरणीमागे आल्बोरादाचं मैदान होतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. त्या पायऱ्यांवर बसून एवारिस्तोच्या बापाने हार पाहिली, आता एवारिस्तो पाहत होता. दर रविवारी तो आणि त्याचा बालमित्र इलारिओ बेकरीवाला त्याच जागी बसत, गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि मान खाली घालून घरी परतत. जिंकणाऱ्या संघावर कुणीही प्रेम करील. त्यात काय मोठंसं? पण हरणाऱ्या संघावर जीव जडला की माणूस सगळीकडे कारणं शोधत फिरतो, आणि शोधणाऱ्याला कारण सापडतंच.

या गावात कुणी असा नाही जो सामन्याच्या दिवशी काही ना काही पाळत नाही. कुणी फाटका मोजा धूत नाही, कुणी उंबऱ्यावर उजवाच पाय ठेवतो. याला इथे काबाला म्हणतात. त्याचे दोन कायदे सगळ्यांना पाठ. जिंकलात तर त्या दिवशी जे जसं होतं ते तसंच ठेवायचं, आणि काय पाळतोय ते घरात सांगायचं नाही. सांगितलं की संपलं.

आता एवारिस्तोचं दुर्दैव असं, की लागोपाठच्या पराभवांनंतर आल्बोरादा जिंकला तो नेमका त्याच्या घरी भांडण झालं त्या आठवड्यात.

भांडण मारिसेलशी झालं, एकुलत्या एका मुलीशी. ती गावच्या इस्पितळात नर्स होती. गुरुवारी रात्री जेवताना तिने सांगितलं, की तिला स्पेनमध्ये, वीगोला नोकरी लागली आहे आणि ती जाणार. एवारिस्तोच्या हातातला काटा तसाच राहिला.

"का, इथली माणसं आजारी पडायची थांबली का?"

"पपा, तसं नाही रे..."

"जा ना! सगळेच जातात. फक्त मग परत या घरात पाय ठेवू नकोस."

"एवारिस्तो!" ओफेलिया ओरडली. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मारिसेल ताटावरून उठली. शुक्रवारी दोघं बोलले नाहीत, शनिवारी बोलले नाहीत, आणि रविवारी आल्बोरादाने दोन गोल मारून सामना जिंकला.

पायऱ्यांवर माणसं रडत होती. इलारिओने एवारिस्तोच्या दाढीचे मुके घेतले आणि मग एकदम गंभीर झाला.

"आता नीट आठव. या आठवड्यात काय वेगळं केलंस?"

"काही नाही."

"अंघोळ?"

"रोजचीच."

"खाणं? झोप? बायकोला मारलीस मिठी?"

"लेका, माझ्या घरी बोलाचाली बंद आहे. मारिसेलशी. मिठ्या कसल्या मारतोस!"

इलारिओने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही विहिरीला पाणी लागलं. "मग बोलू नकोस," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? पोर आहे माझी."

"पोर तुझीच राहणार आहे, कुठे पळून जातेय? संघ मात्र खालच्या श्रेणीत गेला की पुन्हा वर यायला आपली नातवंडं म्हातारी होतील. थोडे दिवसच तर आहेत. मोसम संपू दे, मग बस बोलत."

नेम पुरा झाला म्हणून एवारिस्तोने दाढी केली, अबोला मात्र ठेवला. खरं सांगायचं तर त्याचा राग मंगळवारपर्यंत पार उतरला होता. सकाळी मारिसेल रात्रपाळी करून यायची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि तशीच स्वयंपाकघरात पाणी तापवून माते, म्हणजे इथला पाल्याचा चहा, बनवायची. कडू मातेचा पेला ती नळीसकट त्याच्यापुढे धरायची. तो घ्यायचा, ओढायचा, परत द्यायचा. ती पुन्हा भरायची. एकाच नळीने बापलेक आळीपाळीने पीत आणि बापाच्या तोंडातून ब्र निघत नसे. त्याला वाटायचं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, झोप जा आता, माझं चुकलं. शब्द अगदी जिभेवर असायचे. मग रविवार आठवायचा.

पुढच्या रविवारी आल्बोरादा पुन्हा जिंकला. त्याच्या पुढच्या रविवारी बरोबरी झाली, तीही हरत आलेल्या सामन्यात. इलारिओ शपथेवर सांगू लागला की बरोबरीला एवारिस्तोच जबाबदार, त्याने नक्की घरात खोकला वगैरे काढला असणार.

ओफेलियाने सगळे उपाय केले. समजावलं, शिव्या दिल्या, एक दिवस तर जेवायलाच वाढलं नाही. "दगड आहेस तू, दगड! पोर चाललीये सातासमुद्रापलीकडे आणि तुझा ताठा काही उतरत नाही." तो ऐकून घ्यायचा. ताठा नाही गं, असं म्हणायचीही सोय नव्हती. ओफेलियाला कळलं तर ती मारिसेलला सांगणार, आणि सांगितलं की संपलं. आपलीच बायको आपल्याला दगड समजते याचं त्याला वाईट वाटायचं. पण खरं म्हणजे, थोडा अभिमानही वाटायचा. गावासाठी आपण काहीतरी सोसतोय, असा. माणूस स्वतःलाच किती सहज फसवतो!

एक दिवस मारिसेल त्याच्या दुकानात आली. तो एका उघड्या फ्रिजसमोर उकिडवा बसला होता.

"पपा, तारीख ठरली. येत्या रविवारी संध्याकाळचं विमान आहे. इथून पाच वाजता गाडी निघेल."

त्याने मागे पाहिलं नाही. त्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकला तर आल्बोरादा तरणार, नाहीतर घसरणार.

"पपा, निदान शिवी तरी दे," मारिसेल म्हणाली. "नालायक म्हण. आईबापाला टाकून चालली म्हण. काहीतरी म्हण ना."

एवारिस्तोने हातातला पाना उगाच एका घट्ट बसलेल्या नटवर फिरवला. ती बराच वेळ उभी होती. मग फ्रिजच्या दारावर हात ठेवून, जणू तोच आजारी माणूस, "बरं," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्याने हिशेब मांडला होता. सामना तीनला सुरू, पाचच्या आत संपणार. शिट्टी वाजली की पळत सुटायचं, गल्लीच्या कोपऱ्यावरूनच हाका मारायच्या, सगळं सांगून टाकायचं. तिला हसू येईल. लहानपणी ती त्याच्याच मांडीवर बसून आल्बोरादाच्या नावाने ओरडली होती, तिला समजावून सांगायची गरजच काय? तिची बॅग उचलून तो स्वतः विमानतळापर्यंत जाणार होता. वाटेत तीन आठवड्यांचं सगळं बोलून घ्यायचं, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं.

रविवारी पाहुण्या संघाची बसच वाटेत बंद पडली. सामना सुरू व्हायलाच पावणेचार झाले.

एवारिस्तो घड्याळ पाहत होता. मध्यंतराला आल्बोरादा एक गोलने पुढे होता आणि साडेचार होऊन गेले होते. तो उठला.

"कुठे?" इलारिओने त्याची बाही धरली.

"घरी. तिची गाडी निघेल रे."

"आत्ता? एक गोलने पुढे असताना? अरे, एवढं सगळं केलंस ते कशासाठी?"

"मुलगी चाललीये माझी, इलारिओ."

"गाडी थांबते रे बाबा! विमानतळाला जायची गाडी कधी वेळेवर निघालीये? बस खाली." मागच्या पायऱ्यांवरूनही कुणीतरी ओरडलं, "ए, जागा बदलू नका रे! जिंकतोय आपण!" त्यांना अबोल्याची काहीच कल्पना नव्हती. पुढे असताना कुणीच हलायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एवारिस्तोला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. बाही सोडवायला क्षणसुद्धा लागला नसता. पण हिरवळीवर ती पोरं पुन्हा उतरत होती, पायऱ्यांवर गाणं सुरू झालं होतं, आणि तो बसला. पंचेचाळीस मिनिटं, मग संपलंच, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पाच वाजले तेव्हा आल्बोरादा अजून पुढेच होता. पाच मिनिटांनी बरोबरी झाली. आणि शेवटी शेवटी गोलकीपरच्या हातून चेंडू असा निसटला की त्याला शिव्या द्यायचंही कुणाला सुचलं नाही. शिट्टी वाजली. इलारिओ पायरीवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. एवारिस्तो तोवर फाटकाबाहेर होता. साठीच्या माणसाने पळू नये तसा तो पळाला.

गल्लीत गाडी नव्हती. ओफेलिया दारात उभी होती, हातात ड्रायव्हरला थांबवायला वाढलेली थाळी, आता रिकामी.

"पाऊण तास थांबवलं तिने ड्रायव्हरला," ती म्हणाली. "सारखी म्हणत होती, पपा येईल, सामना संपला की येईल. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, आता विमान चुकेल. तेव्हा बसली." मग तिने विचारलं, "हरला ना?"

"हरला."

"देवाघरी न्याय आहे," ओफेलिया म्हणाली आणि आत गेली.

त्याने अंगणात उभं राहूनच फोन लावला. पहिल्याच घंटीला मारिसेलने उचलला. मागे महामार्गाचा आवाज येत होता.

"पपा?" तिचा आवाज घाबरा होता. "आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. मारिसेल, ऐक. मी रागावलेलो नव्हतो."

पलीकडे गाडीची काच वर झाली, महामार्गाचा आवाज कमी झाला.

"काबाला होता गं. आपण बोलत नव्हतो तेव्हा जिंकायला लागलो, मग मी... इलारिओ म्हणाला... मोसम संपेपर्यंतच. तुला सांगता येत नव्हतं, सांगितलं की संपतं, तुला माहीत आहे. माझा राग तर मंगळवारीच गेला होता. पहिल्याच मंगळवारी." तो हसायला गेला, म्हणजे ती पण हसेल. "रोज सकाळी तोंडापर्यंत यायचं माझ्या, शपथ."

"पहिल्या मंगळवारी," मारिसेल म्हणाली.

"हो. तुला वाटलं असेल बाप किती हट्टी आहे."

"मला वाटलं, मी तुझं मन मोडलं." ती सावकाश बोलत होती, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तसं. "रोज ड्यूटीवर जाताना रडायचे मी. दोनदा तर वीगोला नकार कळवायला फोन हातात घेतला. मग स्वतःला समजावलं, की पपा रागावलाय कारण त्याला माझ्याशिवाय राहवणार नाही. तेवढ्यावर मी तुला माफ केलं. आत्ता या गाडीत बसल्यावर केलं."

"बाळा..."

"रागावला होतास म्हणून माफ केलं होतं, पपा. आता मी कशासाठी माफ करू?"

एवारिस्तोने तोंड उघडलं. आता बोलायला कसलीच बंदी नव्हती, मोसम संपला होता. मारिसेलने फोन ठेवला नाही, बराच वेळ ती वाट पाहत राहिली, आणि त्याला एक शब्द सुचला नाही.