हातवळण्यांचं हस्ताक्षर

"अगं, निघ ना आता! ठाण्याला पोचायलाच उशीर होईल. प्रमोदिनी वाट बघत असेल," म्हणत त्र्यंबकनं मंदाकिनीच्या हातातलं तांदळाचं सूप काढून घेतलं.

"अहो, एवढी काय घाई? सकाळपासून एकच धोशा, बहिणीकडे जा, बहिणीकडे जा." तिनं सूप परत ओढलं. "तांदूळ निवडते, भात टाकते, मग बघू."

त्र्यंबकला घाम फुटला. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत एरवी त्याचा शब्द खाली पडत नसे. आज बायको जागची हलत नव्हती, आणि भाऊसाहेब हातवळणे आता कुठल्याही क्षणी दारात उभे राहणार होते.

नामवंत लेखकांची हस्तलिखित पत्रं जमवण्याचा त्याला छंद होता. छंद कसला, व्यसनच! कचेरीत लोक बढतीसाठी अर्ज खरडत, तेव्हा हा गडी कवींना शंका विचारत बसे. उत्तर आलं की पत्र शिसवी पेटीत. सगळे गळाला लागले. एकटे कादंबरीकार हातवळणे लागेनात. वाचकांना ते टंकलेलं उत्तर धाडत, खाली नुसती सही. मात्र कुणाच्या घरी दुःख झालं, तर हा विधुर माणूस स्वतःच्या हातानं चार ओळी लिहितो, असं त्र्यंबकच्या कानावर आलं आणि त्याची बुद्धी फिरली. त्यानं कार्ड लिहिलं : पत्नी मंदाकिनी अल्पशा आजाराने वारली, अखेरपर्यंत आपली कादंबरी तिच्या उशाशी होती. अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडतात, तसा तोही फाडला. हात जरासुद्धा कापला नाही मेल्याचा!

उत्तर आलं, चांगलं टपोऱ्या अक्षरात. फक्त शेवटी एक ओळ होती : रविवारी कल्याणला व्याख्यान आहे, जाता जाता आपल्याला भेटून जाईन.

कडी वाजली. त्र्यंबक उठेपर्यंत मंदाकिनीनं दार उघडलंसुद्धा.

"मी हातवळणे," दारातले म्हातारे गृहस्थ म्हणाले. "त्र्यंबकराव इथंच राहतात ना? त्यांच्या पत्नी गेल्याचं कळलं. मंदाकिनीबाई."

मंदाकिनीनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. आता ही ओरडणार, चाळ गोळा होणार, आणि उद्यापासून तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

"या, बसा," ती म्हणाली. "मी तिची बहीण."

भाऊसाहेब सतरंजीवर बसले. उपरणं सावरत त्यांनी हलकेच विचारलं,

"फार वाचायच्या का हो त्या?"

त्र्यंबकनं तोंड उघडलं, पण उत्तर मंदाकिनीनं दिलं.

"लग्नाआधी वाचायची. इथं आल्यावर भावजींची पेटी सांभाळायची. कसर लागू नये म्हणून पत्रांना ऊन दाखवायची, कडुलिंबाचा पाला बदलायची. आमची आई गेली, आईची पत्रं होती तिच्याकडे. पेटीत ठेवू का, म्हणून तिनं भावजींना विचारलं होतं. ते म्हणाले, जागा नाही. मग तिनं ती बंबात घातली."

तिचा आवाज कुठंही चढला नाही. त्र्यंबकला तिनं असं काही विचारल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

भाऊसाहेबांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"मीही माझ्या बायकोचं एक पत्र ठेवलं नाही. वाटायचं, माणूस घरातच आहे. तुम्ही तरी जपा, त्र्यंबकराव. त्यांच्या हातचं असेल ते सगळं जपा."

"हो," तो पुटपुटला. त्यानं मंदाकिनीचं अक्षर डोळ्यांपुढं आणून पाहिलं. पेटीतल्या प्रत्येक लेखकाचं वळण तो झोपेतही ओळखला असता. हिचं आठवेना.

दुखवट्याला आलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. भाऊसाहेब तसेच उठले आणि कठड्याला धरून जिना उतरले. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्र्यंबक दारात उभा राहिला. संकट टळलं होतं, तरी शरमेनं त्याचे कान तापले होते.

आत मंदाकिनी सतरंजीची घडी घालत होती.

"मंदा," त्यानं हाक मारली.

तिनं घडी नीट दाबली, भिंतीशी ठेवली.

"कुणाला हाक मारताय, भावजी?"