दोन्ही सह्या आईच्याच

"लहान मुलांना रडवायचा पगार मिळतो का हो तुम्हाला?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नववीतली ती पोरगी भर वर्गात उठून विचारून मोकळी झाली. आणि पाहुण्या बाई कोण? तिचीच आई! मागच्या बाकांवर हशा पिकला. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती यंदा भलतीच धीट झाली होती.

आई बालविकास केंद्रात संशोधक. ती हसली. "रडवत नाही गं! आपलं चुकलं असं मुलांना कधीपासून वाटू लागतं, ते तपासतो. खेळणं आधीच सैल केलेलं असतं. मुलानं हात लावला की मोडतं. आम्ही म्हणतो, 'अरेरे, माझं लाडकं होतं!' मूल काय करतं ते टिपतो. आणि शेवटी खरं सांगतो."

मग तिनं भिंतीवर एक जुनी चित्रफीत दाखवली. चेहरा पुसट केलेली चार वर्षांची मुलगी. लाल टोपीच्या बाहुलीचं मुंडकं निखळतं. मुलगी दोन्ही हात पाठीमागे लपवते आणि भिंतीला जाऊन चिकटते.

वर्ग खो खो हसला. पोरगी हसली नाही. त्या मुलीच्या डाव्या कोपरावरचा तपकिरी डाग हुबेहूब तिच्या स्वतःच्या कोपरावरचा होता!

बाहुली तिला लख्ख आठवत होती. कुणा बाईंची लाडकी बाहुली आपण मोडली, हे तिनं अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा म्हटलं की ती घाबरून ती अर्धवटच धरायची, आणि मग खरंच काहीतरी फुटायचं. बाबा लाडानं 'तोडफोडमंत्री' म्हणायचे. तीही वरवर हसायची.

संध्याकाळी घरी तिनं बाबा आणि आत्यासमोरच विचारलं, "आई, ती मीच ना?"

आई गडबडली. "चेहरा पुसट होता, तुला कसं..."

"मला खरं कधी सांगितलंत?"

"सहा महिन्यांनी त्याच मुलांची दुसरी फेरी होती. आधी सांगितलं असतं तर निष्कर्ष बिघडले असते. आणि नंतर... तू काय, घरातलीच. कधीही सांगता येईल म्हटलं. राहून गेलं गं."

"एका बाहुलीचं काय एवढं?" बाबा म्हणाले.

आत्या रुग्णालयात परिचारिका. ती उसळली. "दादा, तू गप्प बस! वहिनी, आम्ही पोराला साधी सुई टोचतानाही 'थोडं दुखेल हं' म्हणतो. तुम्ही न सांगता टोचलीत, आणि काढायलाच विसरलात!"

"पालकांची लेखी संमती होती. सगळं नियमात होतं."

"पालक म्हणून सही कुणाची?"

"माझी."

"आणि संशोधक म्हणून?"

आई खाली बघत म्हणाली, "माझीच."

"मग त्या खोलीत हिच्या बाजूनं कोण होतं, वहिनी?"

कुणीच नाही! आईनं पोरीचा हात धरायला हात पुढे केला. पोरीनं आपला मागे घेतला.

"बाकीच्या मुलांना सांगितलंस?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या फेरीला आली त्यांना. नऊ जण..." आईनं पुढे केलेला हात मागे घेतला. "नऊ जण आलेच नाहीत. त्यांना कुणी सांगितलं नाही. चूक झाली माझी. फार मोठी चूक झाली."

वाचकहो, मुलांचा अभ्यास खुशाल व्हावा, त्यातून मुलांचंच भलं होतं. पण मूल म्हणजे वहीतला आकडा नव्हे. त्याला विचारावं, त्याचं 'नाही' ऐकावं, आणि त्याच्याशी खोटं बोललोच, तर घरी जाण्याआधी ते खोटं परत घ्यावं. मोठ्यांचं राहून जातं. मूल ते उरावर घेऊन मोठं होतं.

पोरगी उभी राहिली. आवाज कापत होता, पण तिनं तो खाली येऊ दिला नाही.

"आई, बाबा, ऐका. ती चित्रफीत यापुढे कुठेही दाखवायची नाही, आणि तुझ्या अभ्यासातून माझं नाव, माझा आकडा, सगळं काढायचं. मी नाही म्हणतेय. उद्या शाळा सुटली की मी केंद्रात येणार. त्या नऊ जणांची नावं मला दाखवू नकोस. पण त्यांना खरं सांगणारी नऊही पत्रं तू माझ्यासमोर बसून लिहायचीस."