काकूची सुनावणी

कुंभारकाकू कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून माती काढत होती, तेवढ्यात शिपाई नोटीस घेऊन बांधावर आला. वाचायला तिनं मला हाक मारली. आमचं घर शेजारीच. नव्या विकास आराखड्यात काकूच्या जमिनीवर ट्रकतळाचं आरक्षण पडलं होतं. तिच्या हरकतीवर सुनावणी होती. उद्याच, अकरा वाजता.

“अरे, हिच्यावर तारीख पंधरा दिवसांपूर्वीची आहे,” मी म्हणालो.

“मला आज दिली, मी आज आणली,” म्हणून शिपाई चालता झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात पन्नासेक माणसं उभी. बसायला बाक नाही, प्यायला पाणी नाही. काकूचा नंबर तीन वाजता लागला. तिनं पदरातला मातीचा गोळा सुनावणी घेणाऱ्या साहेबाच्या टेबलावर ठेवला.

“साहेब, हात लावून बघा. एवढ्या शिवारात ही माती माझ्याच तुकड्यात आहे. पलीकडं सगळा मुरूम. ट्रक काय, मुरमावरही उभे राहतील. मुरमाचं मडकं होत नाही हो.”

“बरं. झालं?”

“तुम्ही लिहिलं कुठं?”

“लक्षात आहे, आजी. पुढचा कोण?”

परतताना काकू खुशीत होती. “खेकसला नाही रे माणूस. ऐकून घेतलं त्यानं.”

चार महिन्यांनी निकाल हातात पडला, तोही महिन्यापूर्वीच्या तारखेचा. ‘हरकतदार सुनावणीस गैरहजर. हरकत फेटाळण्यात येत आहे.’ काकूनं मला तो तीनदा वाचायला लावला.

आम्ही पुन्हा कचेरी गाठली. कारकुनानं फाइल चाळली. “हजेरीवर अंगठा कुठंय?”

“कुणी पुढं केलाच नाही कागद,” काकू म्हणाली.

“मी होतो ना सोबत!” मी म्हणालो.

“तुम्ही हरकतदार आहात का? नाही ना? मग झालं. आणि अपिलाची मुदतही परवाच संपली.”

घरी येऊन काकूनं पाटी-फावडं उचललं. सोमवारी जमीन सपाट करायला यंत्रं येणार होती. सासू-सुना दिवसभर माती वाहत होत्या. अंगण भरलं, ओटा भरला, भट्टीपाशी पाय ठेवायला जागा उरली नाही.

“आत्याबाई, पाऊस आला तर सगळी वाहून जाईल,” सून म्हणाली.

काकूनं ऐकलं. पाटी सुनेच्या डोक्यावर चढवली आणि पुन्हा खड्ड्यात उतरली.