वाढत्या अंगाचा झगा

लोविनाच्या स्वयंपाकघरात मी शिरले तेव्हा तिची लेक मॅटी लाकडी जमिनीवर बसली होती. अकरा महिन्यांची, गुबगुबीत. पण रांगत नव्हती. अमेरिकेतल्या लँकेस्टरला जुन्या वळणाच्या, अंगभर साध्या पोशाखाचे कडक नियम पाळणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या वस्त्यांमध्ये मी लहान मुलांची वाढ तपासत फिरते, त्यामुळे लोविनाला कशाची धास्ती आहे ते मला ठाऊक होतं. तिच्या नणंदेचा मुलगाही असाच बसून राहिला होता आणि पुढे त्याला बसणंही जमेनासं झालं.

"तसंच असेल तर स्पष्ट सांगा," ती म्हणाली. "गोड बोलू नका."

"आधी मॅटीला तर बोलू दे."

मी जमिनीवरच बैठक मारली. मॅटीला पालथं घातलं. तिनं हातांवर जोर देऊन छाती उचलली. हात धरून उभं केलं, तर पाय असे रोवले की मीच डगमगले. मी पुढे ठेवलेला वाटाणा चिमटीत उचलून तिनं थेट तोंडाकडे नेला. तो मी वेळीच काढून घेतला.

"खाण्यात आमची मॅटी कुणाला हार जात नाही," लोविनाच्या सासूबाई सविला शिवणातून मान वर न करता म्हणाल्या.

मग मी एक लाकडी चमचा थोडा लांब ठेवला. मॅटी ओणवी झाली, एक गुडघा पुढे टाकला आणि नाकावर आपटली. पुन्हा गुडघा, पुन्हा नाक. शेवटी शहाण्यासारखी उठून बसली. गुडघा दर वेळी झग्याच्या घोळावरच पडत होता.

"झगा कुणी शिवला?"

"मी," सविला म्हणाल्या. "वाढत्या अंगाचा. दोन हिवाळे जाईल."

"सविलाबाई, तिसराही जाईल! जरा वर खोचू?"

"पोरीचे पाय उघडे टाकणार?"

"देवानंच दिलेत ना ते?"

हसू दाबत त्या म्हणाल्या, "खोचा. पण बिशप आले तर तुम्हीच बोला त्यांच्याशी."

मी घोळ गोळा करून कमरेशी गाठ मारली. मॅटीनं गुडघा टाकला आणि नाक आपटणार म्हणून डोळे घट्ट मिटले. काहीच झालं नाही. तिनं दुसरा गुडघा टाकला. मग चमचा मागे टाकून ती टेबलाखालून तडक तापलेल्या चुलीकडे सुटली.

"अगं, चूल! मॅटी!" लोविनानं झेप घेऊन तिला उचललं आणि ती रडता रडता हसू लागली. खाली ठेवताच पोरगी पुन्हा चुलीकडे.

"त्या मुलासारखं हिच्यात मला काहीच दिसत नाही," मी म्हणाले. "महिन्यानं येऊन परत बघेन."

"या की," झगा आखूड करायला कात्री शोधत सविला म्हणाल्या, "पण तोवर हिच्यामागे धावायला कोण येणार?"